खरेदीला निघालात? मग पाणी पिऊ नका

बायांनो, लग्नाचा बस्ता नाशिकच्या मेनरोडलाच आणि एका फेरीत उरकायचा बेत असेल, तर हे वाचून निघा. गेल्या शनिवारी पुतणीच्या बस्त्याला गेले होते. तिथे मिळालेलं ज्ञान एकटीनेच ठेवून घेणं बरं नाही.

आदल्या रात्रीपासून पाणी बंद. एकादशीला निर्जळी करताच की, पुण्य तेवढंच.

सकाळी मिसळ खा, पण वर ताक पिऊ नका. मी प्यायले.

पोटुशी असाल, साखरेची गोळी चालू असेल किंवा पाळी आली असेल, तर दुकानदाराला व्हिडिओ कॉलवर साड्या दाखवायला सांगा.

सुट्टे पाच रुपये जवळ ठेवा. पुरुषांना मुतारी फुकट असते. आपल्याला बसावं लागतं, आणि बसलं की पैसे.

आता मुख्य विद्या, किल्ली शोधण्याची. बाजारातल्या एका बोळात स्वच्छतागृह सापडलं. पुरुषांकडचं दार सताड उघडं, ‘स्त्रिया’ लिहिलेल्या दाराला कुलूप. बाहेर खुर्चीवर बसलेला दादा म्हणाला, “किल्ली मामांकडे.” मामा चहाला गेलेले. टपरीवर गेले तर मामा तिथून जेवायला गेलेले. सोबत सासूबाई, वय बहात्तर, गुडघ्यांनी आणि साखरेने बेजार, पिशव्या पोटाशी धरून भिंतीला टेकलेल्या. वीस मिनिटांनी मामा सुपारी चघळत उगवले. “आधी सांगायचं ना ताई!” कधी सांगायचं मामा? सोमवारी? अर्ज देऊन? कुलूप निघालं. आत खराटे, चुन्याची पोती आणि कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवसाचा फ्लेक्स, अर्धा उलगडलेला. साहेब हात जोडून भांड्याच्या बरोब्बर समोर! दाराला कडी नाही, पिशवी टांगायला खुंटी नाही, बल्ब नाही. मी बाहेरून दार ओढून धरलं. आतून आवाज आला, “अगं, नळाला नुसती हवा येतेय.” मामांनी दहाची नोट घेतली, पाच परत दिले नाहीत. सुट्टे नव्हते म्हणे. सासूबाई रिक्षात बसेपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आमच्या वेळी शेत तरी होतं.”

हॉटेलात शिरायचं तर आधी चहा मागवावा लागतो. चहा प्यायलात की परत लागते.

तृतीयपंथी वाचकांसाठी माझ्याकडे सल्ला नाही. त्यांच्यासाठी वेगळी स्वच्छतागृहं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलंय. दारांवर चित्रं अजून दोनच.

फार घाई नसेल तर २०२७ च्या सिंहस्थापर्यंत कळ काढा. तेव्हा तपोवनाकडे संडासांच्या रांगाच्या रांगा लागतील. शेवटची पर्वणी उरकली की ट्रकमध्ये चढून जातील, तेवढ्यात जाऊन घ्या.

बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदाकाठच्या, बाजारात मेथी घेताना हीच गंमत जुड्या विकणाऱ्या मावशींना सांगितली. त्या हसल्या नाहीत. “मी उजाडायच्या आत जाऊन येते, मग रात्री घरी गेल्यावरच. पाणी पीतच नाही. जळजळ होते, गोळ्या चालूयेत.”

होणारच. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटीमीटर, पुरुषाची वीसेक. जंतूंना आपल्याकडे वाट जवळची. त्यात पाणी तोडायचं आणि दिवसभर तुंबवून बसायचं! २०११ मध्ये मुंबईत बायकांनी ‘राइट टू पी’, म्हणजे लघवीला जायचा हक्क, म्हणत मोहीम काढली. डिसेंबर २०१५ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं करायला सांगितली. त्या आदेशात किल्ली मामांकडे ठेवा असं कुठेही नाही.

अहो, लाज कुणाला वाटायला हवी? बांधायचं, फीत कापायची, फोटो काढायचा आणि कुलूप ठोकायचं! साहेब, तुमचे फ्लेक्स स्वतःच्या दिवाणखान्यात ठेवा. आणि शेटजी, तुम्ही आम्हाला पन्नास साड्या उलगडून दाखवता, पण त्या उलगडणारी पोरगी दहा तास तुमच्या दुकानात उभी असते. ती कुठे जाते, कधी विचारलंत? पुरुषांनो, हसताय काय? तुमच्याही घरी आई आहे ना, तिला एकदा न्या त्या बोळात आणि धरा दार बाहेरून.

आणि मामा, माझे पाच रुपये राहिलेत.