महिन्याचा किराणा मुलांशिवाय, आठवड्याची भाजी मुलांसोबत

तीन ते आठ वर्षांच्या मुलांना घेऊन महिन्याचं वाणसामान भरायला जाऊ नये, आणि आठवड्याची भाजी मात्र शक्यतो त्यांना सोडून आणू नये, असं माझं ठाम मत आहे. बऱ्याच घरांत नेमकं उलटं चालतं. भाजी ऑफिसातून येता येता उरकली जाते नाहीतर ॲपवरून मागवली जाते, आणि पगारानंतरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी अख्खं घर सुपरमार्केटात. ट्रॉलीला ट्रॉली लागलेली, बिलाची रांग हलत नाही, मुलाची दुपारची झोप झालेली नाही. मग ते फरशीवर लोळण घेतं आणि लोक आईकडे बघत राहतात. त्या वेळी, त्या गर्दीत कुठलंही मूल असंच वागेल.

महिन्याच्या यादीत तीस-चाळीस जिन्नस असतात आणि मुलाला त्यात करण्यासारखं जवळपास काही नसतं. तूरडाळ, तेल, साखर, साबण, सगळं ठरलेलं. ही यादी वाण्याला व्हॉट्सॲपवर पाठवा, सामान घरी येतं. नाहीतर घरातल्या एकाने आठवड्यातल्या मधल्या दिवशी, दुकान उघडता उघडता जाऊन यावं.

घरी कुणीच नाही आणि मुलाला न्यावंच लागतंय, असंही होतं. तेव्हा पोटभर खाऊ घालून, शू करवून निघा. ट्रॉलीच्या पुढच्या बैठकीवर किती किलोपर्यंतचं मूल बसवायचं ते तिथेच लिहिलेलं असतं, ते वाचा. दोन्ही पाय भोकांतून बाहेर, पट्टा असेल तर लावलेला, आणि तुमचा एक हात कायम ट्रॉलीवर. सामानाच्या भागात मुलाला उभं करू नका, बाजूला लोंबकळूही देऊ नका. उभ्या मुलामुळे ट्रॉलीचं वजन वरच्या बाजूला जातं, एका बाजूला झुकलं की ती आडवी होते आणि मूल डोक्यावर पडतं. आटा, तेल, डाळ आधी घेऊन तळाशी ठेवा, म्हणजे ट्रॉली स्थिरही राहते. दूध, पनीर, लोणी शेवटी. मॉलमध्ये सरकता जिना असेल तर मऊ रबरी चपला घालून नेऊ नका, त्या कडेच्या फटीत ओढल्या जातात.

खरी लढाई बिलाच्या काउंटरशी. चॉकलेटं आणि आत खेळणं असलेली पाकिटं तिथे मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर लावलेली असतात, आणि रांगेत थांबलेल्या मुलाला दुसरं काही उरलेलंच नसतं. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2022 पासून मोठ्या दुकानांना जास्त साखरेचे, मिठाचे, चरबीचे पदार्थ काउंटरजवळ मांडायला कायद्याने मनाई आहे. आपल्याकडेही हे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तोपर्यंत दोन मोठी माणसं असतील तर एकाने रांगेत थांबावं, दुसऱ्याने मुलाला घेऊन आधीच बाहेर पडावं. एकटं असाल तर मुलाच्या हातात काम द्या: वस्तू मोजत एकेक करून काउंटरवर ठेवायच्या.

हट्टाबद्दल निघण्यापूर्वी घरीच बोलून घ्या. ‘आज एक वस्तू तुझ्या आवडीची, वीस रुपयांच्या आत,’ किंवा ‘आज खाऊ नाही.’ ठरलं की बदलायचं नाही. चार वेळा नाही म्हणून पाचव्या रडण्याला हो म्हटलं, तर पाच वेळा रडायचं असतं एवढंच मूल शिकतं. पैसे असताना ‘पैसे नाहीत’ असंही सांगू नका, पुढच्याच क्षणी तुम्ही हजाराचं बिल भरताना ते बघतं. ‘आजच्या यादीत नाही’ हे खरं आहे, ते पुरतं.

आणि ‘ते काका पकडून नेतील हं’ ही धमकी कायमची बंद करा. गर्दीत हात सुटला तर मुलाने मदत मागायची ती दुकानाचा गणवेश घातलेल्या त्याच काकांकडे. मुलाला एवढं पाठ हवं: जिथे आहेस तिथेच थांबायचं, आईला तिच्या नावाने हाक मारायची, आपलं पूर्ण नाव आणि एक फोन नंबर सांगायचा. नंबर पाठ नसेल तर चिठ्ठी खिशात. निघताना त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा, घाबरल्यावर शर्टाचा रंगही आठवत नाही.

आता भाजी. मंडई असो, आठवडी बाजार असो की कोपऱ्यावरची गाडी, सकाळी जा, अर्ध्या तासात परत या, यादी पाच-सहा जिनसांची. मुलाला स्वतःची छोटी कापडी पिशवी द्या आणि तिच्यात अर्ध्या किलोहून जास्त घालू नका, नाहीतर दहा पावलांवर ती तुमच्याच खांद्यावर येते. तीन वर्षांच्या मुलाने लिंबं मोजून टाकावीत. पातळ सालीचं, हाताला जड लागणारं लिंबू रसाळ, हे पाच वर्षांच्या मुलाला सहज कळतं. नारळ कानाशी हलवून पाणी ऐकायचं. कांदा कोरडा, मानेशी घट्ट, कोंब न फुटलेला. टोमॅटो मात्र दाबायचा नाही, नख लावायचं नाही, आणि भेंडीचे शेंडे मोडायचे नाहीत. शेंडा मोडलेली भेंडी दुसरं कुणी घेत नाही आणि नुकसान भाजीवाल्या मावशींचं होतं. मिरच्या तुम्हीच निवडा, कारण तोच हात नंतर डोळ्याला जातो. चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खी द्राक्षं किंवा शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. आणि द्राक्षं कुणालाच न धुता नकोत.

पावशेर, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द तराजूसमोर उभं राहून जितके पक्के होतात तितके वहीत होत नाहीत. पैशांचा हिशोबही तिथेच कळावा म्हणून रोख पैसे न्या. क्यूआर कोड स्कॅन करताना मुलाला फक्त एक आवाज ऐकू येतो, पैसे गेलेले दिसत नाहीत. पन्नासची नोट त्याच्या हातात द्या, कोथिंबिरीची जुडी आणि लिंबं त्यालाच घेऊ द्या, उरलेले पैसे मोजू द्या. मागे खोळंबलेलं गिऱ्हाईक असेल तर त्यांना आधी जाऊ द्या.

वाचता येणाऱ्या मुलासाठी कोपऱ्यावरच्या वाण्याचं दुकानही चांगलं, एका वेळी दोनच वस्तूंसाठी. तारीख बघायची. लहान आणि मोठ्या पाकिटाची प्रति ग्रॅम किंमत ताडून बघायची, हल्ली ती बहुतेक पाकिटांवर छापलेली असते. घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त तेच पहिलं लिहितात, तेव्हा बिस्किटाच्या पुड्यावर दुसरं नाव साखरेचं का, हे मुलालाच विचारू द्या. साधारण चार ग्रॅम साखर म्हणजे एक लहान चमचा, हा हिशोब दुसरी-तिसरीतल्या मुलाला जमतो. दुधात घालायच्या गोड पावडरींचे डबेही असेच वाचायला लावा. अन्नसुरक्षेच्या कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही, म्हणून एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या सदरातून काढायला सांगितलं होतं.

घरी आल्यावर पिशवी मुलालाच रिकामी करू द्या. कांदे एका टोपलीत, बटाटे दुसऱ्या. कोथिंबीर निवडून कोरड्या कागदात गुंडाळायची. थंडीत मटार आणले असतील तर पाच-सहा वर्षांच्या मुलाला परात देऊन सोलायला बसवा. सोलता सोलता बरेच दाणे पोटात जातात, म्हणून अर्धा किलो शेंगा लागणार असतील तर पाऊण किलो घ्या.