पहिला बाक कुणी मागितला होता?

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सहावी-सातवीतल्या दिव्यांग मुलांना आपली गरज आपल्या तोंडानं शिक्षकांना सांगायला शिकवावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, सोय करणं शाळेचं काम, ते पोराच्या गळ्यात कशाला? आईबाप आहेत की बोलायला! आणि वर्ग हसला तर?

पहिलं मान्य. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७मध्ये स्पष्ट लिहिलंय. ती कुणाची मेहेरबानी नव्हे.

पण माझ्या एका सातवीतल्या विद्यार्थ्याचं ऐका. त्याला कमी दिसतं. त्याची आई आणि मी, दोघींनी भांडून त्याला पहिला बाक मिळवला, प्रश्नपत्रिकेची ए-थ्री कागदावर मोठी झेरॉक्स मिळवली. आम्ही खूश. सहामाहीत मार्क होते तिथंच. एकदा डबा खाताना सहज विचारलं, तर म्हणाला, "बाई, पहिल्या बाकावरून फळा चमकतो. खिडकीचा उजेड पडतो ना." तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेला त्याला जास्त दिसायचं. आणि तो भलामोठा कागद बाकावर मावेना, वाचता वाचता ओळ हरवायची. त्याला साध्याच कागदावर ठळक, मोठी अक्षरं हवी होती. हे त्याला जूनपासून ठाऊक होतं. मग बोलला का नाहीस? "तुम्ही दोघींनी एवढं केलं होतं ना."

'मला दिसत नाही' म्हटलं की बाई 'पुढं बस' म्हणणार. 'फळ्यावर उजेड येतोय, भिंतीकडं बसू का?' याला लगेच हो म्हणता येतं. हे एक वाक्य बसायला कधी कधी महिना जातो. सरावात मी खवट बाई होते: "सगळ्यांना दिसतंय, तुलाच कसं नाही?" पोरं आधी खिदळतात, मग गप्प होतात, मग उत्तर शोधायला लागतात. उद्धट होतील म्हणालात, तर अजून कुणी झालेलं नाही.

वर्ग हसण्याचं मात्र मला लागलं. बोलताना अडखळणाऱ्या एका मुलीनं तोंडी परीक्षा एकटीची घ्याल का, असं विचारलं. सगळ्यांदेखत शिक्षकांचं उत्तर आलं, "का गं, तू काय वेगळी?" महिनाभर ती माझ्याशीही बोलली नाही. चूक माझी. मुलीची तयारी करून घेतली आणि शिक्षकांशी आधी बोललेच नाही. हे मूळ लेखात यायला हवं होतं. आता आधी मी जाऊन येते. जिथं खात्री वाटत नाही, तिथं मुलाला पाठवतच नाही.

तुमचा मुलगा कानाला मशीन लावतो म्हणालात. तुम्ही बोलणं सोडू नकाच. फक्त पुढच्या पालकसभेआधी त्याला विचारा, वर्गात नेमकं कधी ऐकू येत नाही? पंखा चालू असताना, की बाई फळ्याकडं तोंड करून बोलतात तेव्हा? उत्तर लगेच आलं नाही तर दोन दिवस थांबा.