बल्ब चुकीच्या वायरिंगवरही लागतो

ठाणे-नवी मुंबईच्या पालक-ग्रुपांवर फिरणारा तो मेसेज काल कळव्याला धाकट्या बहिणीपर्यंत पोचला, आणि ती नववीतल्या लेकाचं नाव शाळेच्या वर्कशॉपमधून काढायला निघाली. मेसेज म्हणतो: शाळेत वायरिंग-फिटिंग म्हणजे नापासांची सोय. आयटीआयला गेलं की डिग्री विसरा. ही कामं यूट्यूबवर दोन तासांत येतात. मुलांच्या हाती करंट देणं जिवावरचं आहे. आणि रोबोट आल्यावर हे हवंय कुणाला?

दोन तासांत येतं आणि जिवावरचंही आहे! लिहिणाऱ्याने आधी एक काय ते ठरवावं.

सगळ्यात घातक आहे ते यूट्यूबचं. बल्ब लागला की व्हिडिओ संपतो, पण बल्ब चुकीच्या वायरिंगवरही लागतो. जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंग नसलं की काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरवरून, अर्थच्या पिनला वायरचा तुकडा मारून देतात. फ्रिज झकास चालतो. मग कधीतरी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटतो, आणि फेज, म्हणजे आत येणारा करंट, फ्रिजच्या आतून फिरून त्याच तुकड्यावाटे पत्र्यावर येतो. ओल्या हाताने दार उघडणाऱ्याचं काय व्हायचं ते होतं.

तसाच गीझरचा जोड, पीळ देऊन टेप गुंडाळलेला. २ किलोवॅटचा गीझर साधारण ८.७ अँपिअर घेतो. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम झाला तरी त्या एका जागी ३८ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे टेपखाली सोल्डरिंग आयर्न लावून ठेवल्यासारखंच. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच, पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. स्विच न्यूट्रलमध्ये टाकला तर दिवा विझतो, होल्डरमध्ये करंट राहतोच. हे व्हिडिओत दिसत नाही, शेजारी उभा राहून चूक पकडणारा माणूस लागतो.

शाळेत हे शिकवायची रीत आहे. आधी लाकडी बोर्ड आणि १२ व्होल्टची बॅटरी. दीड चौरस मिलिमीटरची वायर आतल्या तारा न तोडता सोलायची. बावीसेक तारांतल्या चार-पाच तुटल्या तर त्या टोकाशी वायर तेवढी बारीक झाली. मग एक दिवा-एक स्विच, मग जिन्याचं टू-वे, म्हणजे दोन स्विचवर एक दिवा. सप्लाय देण्याआधी बल्ब काढून, स्विच चालू ठेवून फेज-न्यूट्रलला मल्टिमीटर लावायचा. बीप आली तर शॉर्ट आहे. २३० व्होल्ट सगळ्यात शेवटी, शिक्षकांसमोर, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतूनच, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचमधूनच. तीही एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरणाऱ्याला वाचवत नाही, हे मुलांना पहिल्या दिवशी सांगायचं.

नापासांची सोय? डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथूनच आठवी ते दहावीच्या चालू शाळेतल्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय उभा राहिला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम, आणि एसएससी बोर्डाची मान्यता. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडलाही दहावी विज्ञान-गणितासह लागते.

डिग्रीचं म्हणाल तर दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय, मग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तिथून इंजिनीअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. गणित तिथे जड जातं, एवढं खरं.

रोबोट म्हणे! ऐरोली, रबाळे, महापेला डेटा सेंटरं उभी आहेत. तिथले थंडाव्याचे चिलर, बॅकअपचे यूपीएस आणि करंट वाहणाऱ्या जाड पट्ट्या, म्हणजे बसबार, कोण सांभाळतं, हे मेसेजवाल्याने गेटवर जाऊन विचारावं.

एक मात्र नाइलाजाने मान्य. पुष्कळ वर्कशॉपं कागदावरच असतात, मशीन कुलपात आणि मुलं वहीत आकृत्या काढताहेत. तसं असेल तर नाव खुशाल काढा. पण त्याआधी वर्कशॉप उघडायला सांगा, एका बोर्डवर किती मुलं ते मोजा, आणि आरसीसीबीचं टेस्टचं बटण आपल्यासमोर दाबायला लावा.