सिस्टरला मेमो कसा द्यावा

घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे, दुमजली बंगला भाड्याने घेऊन तुम्ही ज्येष्ठांसाठी केअर सेंटर काढलंत. अभिनंदन. गेटवर कमळ, आत गणपती, वर बावीस बेड. पैसे महिन्याच्या महिन्याला आगाऊ येतात आणि तक्रार असलेली माणसं जिना उतरू शकत नाहीत. असा धंदा शोधून सापडत नाही. कटकट काय ती एकच, सिस्टरची. तेवढा बंदोबस्त कसा करायचा ते सांगतो.

रात्रपाळीला एक सिस्टर आणि एक मावशी ठेवा. हिशेब मात्र करू नका, केला की झोप जाते. बावीसपैकी चौदा जण अंथरुणाला खिळलेले. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी कातडी लाल होते आणि मग फुटते. रात्री आठ ते सकाळी आठ, म्हणजे माणशी सहा वेळा. झाल्या 84 कुशी. दोघींनी मिळून चादरीने ओढून, पाठीशी उशी लावून, एकाला पाचच मिनिटं धरली तरी सात तास गेले. उरलेल्या पाचांत डायपर, कॅथेटरच्या पिशव्या, सकाळचं इन्सुलिन आणि नाकात नळी असलेल्या चौघांचं फीड. तेही डोक्याकडची बाजू उंच करून, सावकाश, नाहीतर छातीत जातं. शिवाय अकरा नंबरच्या आजी. मंत्रालयात तीस वर्षं नोकरी झालेली, रात्री तीनला उठून विचारतात, डोंबिवली फास्ट गेली का? त्यांना सांगावं लागतं की आज रविवार आहे. रोज.

सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स, असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे. कोणी दाखवलाच, तर हसून म्हणा, आम्ही हॉस्पिटल थोडेच आहोत! आणि फी सांगताना म्हणा, अगदी हॉस्पिटलसारखी सोय आहे.

आता टर्निंग चार्ट. तुमचं खरं भांडवल हेच. दर दोन तासांचा रकाना आणि पुढे सही. सिस्टरने रकाना रिकामा सोडला, तर निष्काळजीपणा. भरला, तर खोटी नोंद, कारण एवढ्या कुशी बदलून होतच नाहीत हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? एकाच कागदावर दोन्ही आरोप तयार मिळतात. चार्टची झेरॉक्स अजिबात देऊ नका.

उदाहरण घेऊ. सात नंबरचे आजोबा. त्यांच्या एअर बेडचा, म्हणजे पाठीला जखम होऊ नये म्हणून हवा खेळवणाऱ्या गादीचा, पंप बंद पडतो. सिस्टर रिपोर्ट बुकात लिहिते, 'बेड 7 पंप बंद, ऑफिसला कळवले.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी 'कळवले'खाली निळ्या पेनाने दोन रेघा. हातमोजे संपलेत, म्हणून ती कपाटाची किल्ली मागते. किल्ली तुमच्या बायकोच्या पर्समध्ये, पर्स लोणावळ्याला. आठव्या दिवशी आजोबांच्या पाठीला रुपयाएवढी जखम. न्यू जर्सीचा मुलगा ग्रुपवर विचारतो, हाऊ डिड धिस हॅपन? ही वेळ पंप दुरुस्त करण्याची नव्हे, मेमो देण्याची आहे. पंपाला मेमो देता येत नाही. सिस्टरला येतो.

मेमो सकाळी सव्वाआठला द्या. बारा तास उभं राहून ती बॅग खांद्याला लावते, तेव्हा. तिला बस धरून ठाणे स्टेशन गाठायचंय, तिथून बदलापूर, म्हणजे न वाचताच सही करेल. भाषा इंग्रजी ठेवा. 'ग्रॉस डेरेलिक्शन ऑफ ड्यूटी' म्हणजे काय ते शेजारच्या बारावीतल्या मुलाला विचारेपर्यंत दुपार होते. खुलाशाला मुदत 24 तास. त्यातले बारा ती पुन्हा तुमच्याकडेच ड्यूटीला असते. दोन रेघांचाही उल्लेख करा. त्याला 'उद्धट वर्तन' म्हणतात. रिपोर्ट बुक मात्र बाइंडिंगला पाठवा.

चौकशी हवीच. आपण काही रानटी नाही. चौकशी अधिकारी म्हणून मेहुण्याला बसवा. त्याचं टाइल्सचं दुकान दुपारी रिकामंच असतं. पुरावा सीसीटीव्हीचा. पहाटे 3.40 ला सिस्टर चार मिनिटं खुर्चीत बसलेली दिसते, तेवढा तुकडा मोबाइलवर घ्या. बाकीची रात्र पंधरा दिवसांत आपोआप पुसली जाते. तिला साक्षीदार विचारा. ती मावशींचं नाव घेईल. मावशींना गावी पाठवा.

एवढ्यावर काही जणांचं मन डगमगतं. त्यांनी 1971 चा महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा जरूर वाचावा. त्याच्या चौथ्या परिशिष्टात काय काय करू नये ते लिहिलंय: आकसाने काढणं, धडधडीत खोटी कारणं देणं, बिनपरवाना गैरहजेरीचा बनावट आरोप, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून घाईने चौकशी, किरकोळ चुकीला डोळे पांढरे होतील अशी शिक्षा. करू नये हे शब्द गाळून वाचलंत तर याहून चांगली कार्यपद्धती कुठला सल्लागार लिहून देणार? त्याच कायद्यात तक्रारीला 90 दिवसांची मुदत आहे. म्हणून शेवटचा पगार आणि अनुभवाचा दाखला 'सोमवारी या' म्हणत एक्क्याण्णवाव्या दिवसापर्यंत न्यावा. तिचं मूळ जीएनएम, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाचं, सर्टिफिकेट रुजू होतानाच कपाटात ठेवून घेतलं असेल, तर ती कामगार न्यायालयात नाही, तुमच्याच दारात येईल.

काढून मात्र टाकू नका. राजीनामा घ्या, 'वैयक्तिक कारणास्तव'. हे दोन शब्द तुम्हीच सांगा, ती रडत असल्यामुळे शुद्धलेखन चुकतं.

ड्रेसिंगचा खर्च तिच्या पगारातून कापा. पगारावरून आठवलं. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने समिती नेमली. पन्नासपेक्षा कमी बेडच्या खासगी रुग्णालयांतही नर्सला किमान 20,000 रुपये मिळावेत, असं ती म्हणाली. पण शिफारस केली हो, नुसती शिफारस! किती सभ्य शब्द आहे. आणि मस्टरवर माणसं एकोणीसच ठेवा, विसावं आलं की पीएफ लागतो. विसावी म्हणजे मावशी, त्या 'घरच्यासारख्या' आहेत.

मग न्यू जर्सीला कळवा, दोषी व्यक्तीवर कडक कारवाई केली. नवीन सिस्टर सोमवारी येईल. पहिल्याच रात्री ती सात नंबरच्या गादीवर हात दाबून बघेल आणि मावशींना विचारायला वळेल, हा पंप बंद आहे का? मावशी अजून गावीच असतील.

बाकी 12 मे विसरू नका. परिचारिका दिन. केक अर्ध्या किलोचा पुरतो. फक्त तो सकाळी बरोबर आठला कापा. रात्रीची सुटायची आणि दिवसाची यायची वेळ तीच, म्हणजे ग्रुपवर टाकायच्या फोटोत सिस्टर दोन दिसतात.