सामरीचं डोकं आणि सिअ‍ॅटलचं दुकान

आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेल्या पावसाळ्यात एक वाद पेटला. निमित्त झालं जुने चित्रपट वाचवण्याच्या सरकारी योजनेचं. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली २०२२ साली केंद्रानं ३६३ कोटी रुपये जाहीर केले, सुमारे २२०० चित्रपट दुरुस्त करायचं ठरलं. मी एवढंच लिहिलं की या रांगेत रामसे बंधूंचे 'पुराना मंदिर'सारखे हिंदी भयपटही उभे राहायला हवेत. त्यावर साताऱ्यात कॉलेजात शिकवणारा माझा बाकमित्र उसळला. "पुण्यात २००३ ला आग लागली, प्रभातच्या रिळांची राख झाली. 'आलम आरा' आपला पहिला बोलपट, त्याची एक प्रिंट उरली नाही. आणि लोकांच्या पैशातून तू 'पुराना मंदिर' जपायला सांगतोस? तिकडं बसून असले शौक सुचतात लेका."

तिकडं बसून सुचतात, हे त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. इथं आलो नसतो तर या चित्रपटांकडे मी परत वळलो नसतो.

सिअ‍ॅटलला येऊन मला एकोणीस वर्षं झाली. इथं युनिव्हर्सिटीच्या भागात रूझवेल्ट वे नावाच्या रस्त्यावर स्केअरक्रो व्हिडिओ हे चित्रपट भाड्यानं देणारं दुकान आहे, १९८८ पासूनचं. आत सव्वा लाखाच्या वर चित्रपट: डीव्हीडी, ब्लू-रे, लेझरडिस्क आणि भिंतभर व्हीएचएस टेपा. मांडणी देशवार आणि दिग्दर्शकवार. जी टेप पुन्हा कुठं मिळायची नाही, तिच्यासाठी घसघशीत अनामत ठेवावी लागते. २०१४ साली दुकान बंद पडायची वेळ आली तेव्हा सगळा संग्रह एका ना-नफा संस्थेच्या हवाली झाला आणि लोकांनी वर्गणी काढून लाखाच्या वर डॉलर उभे केले. २०२४ मध्ये पुन्हा ओढाताण झाली, अठरा लाख डॉलर हवेत अशी हाक द्यावी लागली. म्हणजे इथंही हे काम सुखासुखी चालत नाही. माणसं खिशात हात घालतात म्हणून ते टिकतं.

पहिल्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी मी तिथं गेलो होतो. काउंटरवरच्या पांढऱ्या दाढीच्या माणसानं विचारलं, कुठला? मी म्हटलं भारतातला, मुंबईच्या दक्षिणेकडचा. तो आत गेला आणि एक डबी घेऊन आला. वेष्टनावर ओळखीचा चेहरा: लांबट, खोल डोळ्यांचा, सामरी नावाचा राक्षस झालेल्या अनिरुद्ध अगरवालचा. 'पुराना मंदिर'. तो माणूस म्हणाला, हा बघाच. गाणी पुढं ढकलू नका. मधे विनोदी भाग येतो, तो 'शोले'ची नक्कल आहे, कंटाळा आला तरी सोसा, कारण त्याच्यानंतर भीती दुप्पट वाटते. आणि सुरुवातीची दहा मिनिटं खोलीतला दिवा बंद ठेवा.

मी त्याला सांगितलं की हा मी पाहिलाय. कुठं, ते मात्र इंग्रजीत नीट सांगता आलं नाही.

पुसेगावला सेवागिरी महाराजांची जत्रा मार्गशीर्षात भरते. रथाला नोटांच्या माळा चढतात, बैलबाजार भरतो आणि रानात तंबू थिएटरं उभी राहतात. मी पाचवीत होतो. ट्रकच्या पाठीवरच बसवलेलं प्रोजेक्टर, शेजारी धडधडणारं जनरेटर, समोर शिवून मोठा केलेला पडदा, खाली ढेकळं. आम्ही घोंगडी अंथरून बसलो होतो आणि शेजारी हाच, आता साताऱ्यात शिकवणारा मित्र होता. चित्रपट 'ए' सर्टिफिकेटचा. तंबूच्या दारावर कुणी वय विचारलं नाही. प्रिंट इतकी झिजलेली की आख्ख्या चित्रपटात पाऊस पडतोय असं वाटायचं. पडद्यावर पेटी उघडली, सामरीचं डोकं दिसलं आणि मित्रानं माझी बाही धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही. बाहेर आलो तेव्हा बाही दंडापाशी उसवली होती. आईनं दुसऱ्या दिवशी शिवून दिली.

सिअ‍ॅटलच्या त्या डिस्कवर मला पहिल्यांदा कळलं की तो चित्रपट निळा आहे. हवेलीच्या जिन्यावर धुकं, त्यातून येणारा निळा उजेड, एका बाजूनं लाल झोत. तंबूत हे सगळं काळंच दिसलं होतं. हा उजेड कॅमेरा सांभाळणाऱ्या गंगू रामसेचा. त्यांचं घराणं कराचीचं, फाळणीनंतर मुंबईला आलेलं. वडील एफ. यू. रामसे यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. सात मुलगे: कुणी कॅमेरा धरला, कुणी ध्वनी सांभाळला, कुणी संकलन, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनात. १९७० च्या एका पडलेल्या चित्रपटात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात तेवढंच दृश्य लोकांना आवडलं, असं या भावांच्या लक्षात आलं आणि १९७२ मध्ये त्यांनी 'दो गज जमीन के नीचे' काढला. तो महाबळेश्वरला झाला. नटमंडळी, तंत्रज्ञ आणि सगळं कुटुंब एका जागी मुक्काम करून. म्हणजे हिंदी भयपटाचं हे घराणं आमच्याच जिल्ह्यात, आमच्याच घाटमाथ्यावर उभं राहिलं. साताऱ्याच्या कुठल्याही शाळेत मला हे कुणी सांगितलं नाही. आणि सामरी झालेला तो उंच माणूस रुरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर होता, हेही.

ही डिस्क काढली होती मॉन्डो मकाब्रो नावाच्या कंपनीनं. तिच्यामागचा माणूस पीट टूम्ब्स, इंग्लंडचा. जगभरचे विसरलेले भयपट शोधत हिंडण्यात त्यानं आयुष्य घातलं. १९६७ साली लाहोरमध्ये ख्वाजा सरफराज यांनी काढलेला 'जिंदा लाश' याच कंपनीमुळे परत बघायला मिळाला. तो मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. अमर होण्याचं औषध शोधणारा प्राध्यापक तबानी ते पिऊन मरतो आणि रक्तपिपासू होऊन उठतो. ड्रॅक्युलाची ती जुनी गोष्ट. पण यात मोटारी आहेत, नाइट क्लब आहे, उर्दू संवाद आहेत आणि मधेच नाच आहे. रेहाननं केलेला तबानी अंगावर येतो तो दातांमुळे नव्हे, अदबीनं बोलण्यामुळे. 'अडनिडे भयपट बघायला कुठून सुरुवात करू' असं मराठी माणसानं विचारलं की मी हाच पुढं करतो, कारण भाषा आपल्या कानाला परकी लागत नाही.

त्यानंतर इंडोनेशियाचा 'मिस्टिक्स इन बाली', १९८१ चा. बालीतली काळी विद्या शिकायला आलेल्या परदेशी बाईचं मुंडकं रात्री आतड्यांसकट धडावेगळं होऊन उडत जातं. पोटात ढवळेल, आधीच सांगतो. पण हडळीच्या आणि मुंज्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला त्यातली गावाची भीती लगेच उमगते.

आणि ज्याला रक्त नको त्याच्यासाठी 'कार्निव्हल ऑफ सोल्स', १९६२. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात शाळा-कारखान्यांसाठी माहितीपट काढणाऱ्या हर्क हार्वीनं सुट्टी घेऊन, तीन आठवड्यांत, तेहतीस हजार डॉलरच्या आसपास पैशात तो केला. युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेक या सरोवराच्या काठावरचा ओसाड नाचघर-मंडप त्याला गाडीतून जाताना दिसला होता. सगळा चित्रपट त्या एका इमारतीसाठी आहे.

शिफारस करणं ही जबाबदारीची गोष्ट आहे, हे मी त्या काउंटरवर शिकलो. नुसतं 'भारी आहे, बघ' म्हणून भागत नाही. कुठली प्रत बघायची, डब केलेली की मूळ, किती कापलेली, आणि आत काय आहे हे सांगावं लागतं. नरभक्षकांवरचा इटालियन 'कॅनिबल होलोकॉस्ट' (१९८०) भयपटांच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. नट खरोखर मेले नाहीत हे दिग्दर्शक देओदातोला कोर्टात सिद्ध करावं लागलं. नट जिवंत होते, पण कॅमेऱ्यासमोर मारलेली जनावरं खरी होती, त्यात एक कासवही. तो मी कुणाला सुचवत नाही. कुणी विचारलं तर कासवाचं सांगतो, मग त्यानं ठरवावं. बलात्काराचा वापर मसाल्यासारखा करणारे कितीतरी चित्रपट या प्रकारात आहेत, आपल्याकडचेही. त्यांना कल्ट म्हणून, म्हणजे चाहत्यांचं दैवत म्हणून, डोक्यावर घ्यायला मी तयार नाही. जपून ठेवायला मात्र तयार आहे. या दोन गोष्टींची गल्लत ग्रुपवरच्या वादात सारखी होत होती.

इकडच्या माणसांचंही मला सगळंच पटतं असं नाही. काही वर्षांपूर्वी इथं मध्यरात्रीच्या खेळाला एक जुना हिंदी भयपट लागला होता. हॉल भरला होता. पहिलं गाणं सुरू झालं आणि हशा पिकला तो थांबेचना. नायिका रडली तरी हशा. "इतका वाईट की मजा येते" असं म्हणायची इथं पद्धत आहे, आणि आपल्या चित्रपटांच्या वाट्याला ती जरा जास्तच येते. माझ्या रांगेत मी एकटाच गप्प बसलो होतो. तंबूत कुणी असं हसत नव्हतं. तिथल्या बाया पदर तोंडाशी धरून बघायच्या आणि भूत मेलं की 'चांगभलं' म्हणायच्या. त्या चित्रपटाचा खरा प्रेक्षक तो होता. डिस्क जपली, पण तो प्रेक्षक काय बघत होता हे कुणी लिहून ठेवलं नाही, तर निम्मंच जपलं. ते लिहिणं पीट टूम्ब्सला जमणार नाही. ते आपणच करायला हवं, मराठीत.

आणि आपल्याकडे या आवडीची लाज बाळगतात ती कशासाठी, हे मला खरंच कळत नाही. धारप आणि मतकरी यांच्या भयकथा घराघरांत वाचल्या गेल्या. 'रात्रीस खेळ चाले' हे गाणं पाठ नाही असा माणूस विरळा. ते ज्या चित्रपटातलं आहे तो 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) किती जणांनी चांगल्या प्रतीत पाहिलाय? 'तुंबाड' २०१८ ला आला तेव्हा थिएटरं रिकामी होती. २०२४ ला परत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. मधल्या सहा वर्षांत जाहिरात कुणी केली? एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगितलं, एवढंच झालं.

मित्राचा पैशाचा मुद्दा मी उडवून लावत नाही. पैसे थोडे आहेत आणि प्रभातचा नंबर रामसेंच्या आधी लागावा, हे मलाही मान्य आहे. पण दुरुस्ती वेगळी आणि सांभाळणं वेगळं. पुण्यात १९६४ साली फिल्म अर्काइव्ह सुरू झालं, ते पी. के. नायर यांनी उभं केलं. दर्जा बघून ते जमवत बसले नाहीत, मिळेल ते रीळ उचलत गेले. आपल्याकडे हजारावर मूकपट झाले आणि त्यातले मूठभर उरले. बाकीचे गेले त्यांत किती तरी त्या काळी 'फालतू' म्हणून टाकलेले असणार. रिळांवरच्या थरातल्या चांदीसाठी ती वितळवणाऱ्यांनी अभिजात कुठलं नि टाकाऊ कुठलं हे पाहिलं नव्हतं. फिल्म सडते तेव्हा व्हिनेगरचा वास येतो. अमेरिकेत याच रोगाचं नाव घेऊन व्हिनेगर सिंड्रोम नावाची कंपनी २०१२ पासून असे टाकलेले चित्रपट वाचवते आहे.

तो वास मला माझ्याच गावात आला. मागच्या डिसेंबरात घरी गेलो होतो. मित्रच म्हणाला, तंबूवाल्यांचं एक जुनं गोदाम आहे, येतोस का बघायला? पत्र्याची शेड, खुर्च्यांचे सांगाडे, त्याखाली गंजलेले डबे. चार निघाले. खडूनं आकडे लिहिलेले: ४, ७, ९, १२. पहिलं रीळ नव्हतं, त्यामुळे नाव कळायला मार्ग नाही. सात नंबरचा डबा उघडला आणि आंबट भपका आला. मित्रानं रुमाल नाकाला लावला, पण मागं सरला नाही. वरचे वेढे एकमेकांना चिकटले होते. आतला वीतभर तुकडा मी दाराशी उन्हात धरला. रंग उडून सगळं गुलाबी झालेलं. त्यात जिना होता, हातात कंदील घेतलेली बाई होती आणि तिच्या मागं भिंतीवर कुणाची तरी सावली.

मित्रानं मोबाइल काढून त्या तुकड्याचे तीन फोटो घेतले. डबे त्याच्या गाडीच्या डिकीत ठेवले, पुण्याला कुणाला विचारायचं ते ठरवलं. रात्री जेवताना फोन वाजला. ग्रुपवर त्याचाच मेसेज होता, खाली गुलाबी फोटो: "हा पिक्चर कुठला, कुणी ओळखतं का? पुसेगावच्या तंबूत लागलेला असणार. घरातल्या म्हाताऱ्यांनाही दाखवा."