हृदयावर काही दिसलं नाही म्हणून अटॅक नव्हता?

‘शवविच्छेदनात हृदयावर काही दिसलं नाही, म्हणजे हार्ट अटॅक नव्हता’ हे एका लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. अटॅक येऊन माणूस तासाभरात गेला तर स्नायूवर नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. फिकटपणा यायला साधारण १२ तास तरी लागतात, आणि मायक्रोस्कोपखालीसुद्धा पेशी मेल्याची ठळक खूण काही तासांनंतरच दिसते. अचानक गेलेल्याला एवढा वेळ मिळतोच कुठं? अशा वेळी कोरोनरी वाहिन्या (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या) थोड्या थोड्या अंतरावर आडव्या कापत गुठळी शोधायची असते.

मी कोल्हापुरात हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये (अवयवांचे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासतात तिथं) टेक्निशियन आहे. कधी कधी अख्खं हृदय न उघडताच बरणीत कोंबून येतं, अवयव टिकवायचं रसायन, म्हणजे फॉर्मॅलिन, जेमतेम बुडेल एवढं (हृदयाच्या निदान दहापट हवं). कापलं की बाहेरून राखाडी, घट्ट. आत फॉर्मॅलिन पोहोचलेलंच नसतं, म्हणून लालभडक, कप्प्यांत रक्ताच्या गाठी तशाच. त्यातून काय डोंबल कळणार? आणि तालमीतला पंचविशीचा पोरगा जोर मारता मारता गेला असेल तर नुसती गुठळी शोधून थांबूच नये. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीत (हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार) स्नायूतंतू वेडेवाकडे गुंतलेले दिसतात, आणि हा आजार बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. लाँग क्यूटीसारख्या, हृदयाच्या ठोक्यांची विद्युत लय बिघडवणाऱ्या दोषात तर मायक्रोस्कोपखालीही हृदय चांगलंच दिसतं. तिथं जनुकांच्या तपासणीसाठी ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत रक्त राखून ठेवावं लागतं. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यावर ही तपासणी नीट होत नाही. लेखात याचा उल्लेखच नाही. सख्ख्या भावंडांचा ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, एवढं तरी पीएमचा (शवविच्छेदनाचा) कागद देताना कुणी सांगतं का?