हवाबंद डब्याची हवा

रोषणाईच्या माळा भिजल्या तरी त्यांचं फारसं बिघडत नाही. चांगल्या माळेतला एकेक दिवा सिलिकॉनचा अंगरखा घालूनच आलेला असतो. घोर असतो तो या माळांना नाचवणाऱ्या सर्किटचा. पाच व्होल्टचा पॉवर सप्लाय, वायफायवरून हुकूम घेऊन दिवे नाचवणारा ईएसपी ३२ बोर्ड, फ्यूज आणि वायरींचा गुंता, हा सगळा लवाजमा उघडावाघडा येतो आणि त्याला घराबाहेर, दवापावसात नांदवायचं असतं. त्यासाठी हवा डबा.

तयार डबे मिळतात. त्यांच्यावर आयपी ६५, आयपी ६७ असे आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६७ म्हणजे धूळ अजिबात शिरणार नाही आणि डबा मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आतल्या वस्तूला इजा होणार नाही. वाचून ऊर भरून येतो. पण ही ग्वाही डब्याला भोक नाही तोवरची. भोक न पाडता वायर आत न्यायची कशी, हे त्या आकड्यांत कुठंच नसतं. शिवाय तयार डबा माझ्या सामानाला एकतर बोटभर अपुरा पडतो, नाहीतर इतका मोठा निघतो की अर्धा भाड्यानं द्यावा.

म्हणून नजर स्वयंपाकघराकडे वळली. चारी बाजूंनी खटके लागणारा, झाकणात रबराची गास्केट असलेला एक ऐसपैस डबा सासूबाईंच्या ताब्यात होता.

"आई, हा रिकामाच आहे ना?"

"रिकामा नाहीये. राखून ठेवलाय."

कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण राखून ठेवलेलं असणं हीच त्या डब्याची नोकरी होती. शेवटी 'जसाच्या तसा परत करीन' या बोलीवर तो मिळाला. बोली करताना ड्रिल मशीन मी पाठीमागे धरलं होतं.

डब्याच्या पातळ प्लास्टिकला साधं ड्रिल बिट लावलं की ते भोक पाडत नाही, लचका तोडतं. त्याला पायऱ्यापायऱ्यांचं स्टेप बिट लागतं, आतून लाकडाचा ठोकळा टेकवावा लागतो, आणि मशीन इतकं हळू फिरवावं लागतं की बघणाऱ्याला झोप यावी. बघणारा नवरा होता. त्याला झोप आली नाही, सल्ले आले.

"अगं, सरळ स्टीलचा डबा घे ना. मजबूत!"

"त्यातून वायफाय बाहेर येणार नाही."

"मग वरून प्लास्टिकची पिशवी बांध. रबर लावलं की झालं."

आजवर ज्याला ज्याला हा डबा दाखवला, त्यानं पिशवीच सुचवली आहे. पिशवीवर माणसाची एवढी श्रद्धा का, देव जाणे.

पुढचा मुक्काम केबल ग्लँड. भोकात बसवायची, आटे आवळले की आतलं रबर वायरीला घट्ट धरणार. पीजी ७ मापाच्या ग्लँडमधून साधारण ३ ते ६.५ मिलिमीटर जाडीची वायर जाते. वायर जाते, वायरीच्या टोकाचा प्लग जात नाही. तो प्लग मावेल एवढी ग्लँड घेतली, तर तिच्यात वायर खुळखुळते. मग चांगली चालू असलेली वायर कापायची, ओवायची आणि पलीकडे पुन्हा सोल्डर करायची. हे मी नवऱ्याला समजावलं तेव्हा त्यानं काही न बोलता एक पिशवी आणून टेबलावर ठेवली.

एका ग्लँडमधून दोन वायरी नेऊन काटकसर करावी, असंही वाटतं. पण रबराचं भोक गोल आणि दोन वायरी शेजारीशेजारी, म्हणजे मधल्या खाचेत वर-खाली तिकोनी फटी राहतात. आख्खा डबा सोडून पाणी नेमकं तिथूनच येतं. मग फटी बुजवायला सिलिकॉन. त्यातही आंबूस वासाचं सिलिकॉन घ्यायचं नाही. ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि बंद डब्यात तांब्याला हिरवा गंज चढवतं. ट्यूबवर बारीक अक्षरांत 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं शोधायचं. ते इतकं बारीक असतं की सापडेपर्यंत सण संपावा.

(एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. घरातली मेन्सची वीज बाहेर नेताना ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. डब्यावर विश्वास असो वा नसो.)

तर असा सगळीकडून लिंपलेला डबा रात्रभर बाहेर राहिला. पाऊस नाही, आभाळ निरभ्र. सकाळी बघतो तर झाकणाला आतून थेंब! हे होणार हे मला ठाऊक होतं; घरच्यांना पटावं म्हणून पहिली रात्र मुद्दाम तशीच जाऊ दिली होती. ८५ टक्के कार्यक्षमतेचा सप्लाय दिव्यांना २०० वॉट पुरवतो तेव्हा ३५ वॉटच्या आसपास उष्णता डब्यातच सोडतो. आतली हवा ३० अंशांनी तापली की साधारण दहा टक्के फुगते आणि गास्केटच्या कडेनं सटकते. दिवे बंद झाले की डबा निवतो आणि तेवढीच दमट हवा आत ओढतो. घनमीटरभर हवेत ३० अंशांना ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना १७च. उरलेलीचं पाणी होतं. एका रात्रीत मोजून थेंब. पण आलेलं पाणी बाहेर जायला वाट नाही, म्हणून रोजची भर.

सासूबाईंनी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या काढून दिल्या, त्याही राखून ठेवलेल्याच. वर्षानुवर्षं उघड्यावर पडून त्या केव्हाच तृप्त झाल्या होत्या.

उपाय एकच. डब्याच्या बुडाला, सगळ्यात खालच्या जागी, पाचसहा मिलिमीटरचं भोक. आतून बारीक जाळी, नाहीतर मुंग्या बिऱ्हाड करतात. वायरी सगळ्या खालून, आणि आत शिरण्याआधी प्रत्येकीला खाली झोल, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशीच गळून जातं. महागड्या डब्यांना वाफ जाऊ देणाऱ्या आणि थेंब अडवणाऱ्या पडद्याचं बूच असतं. आमच्या डब्याला भोक.

ड्रिल पुन्हा सुरू झालं तशा सासूबाई बाहेर आल्या. खाली वाकून त्यांनी भोक पाहिलं, जाळी पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

"अगं, भोकच हवं होतं तर माझा चांगला डबा कशाला घेतलास? फुटका होता की माळ्यावर!"